पुढचं नाव

२१ जानेवारी, मंगळवार

झालं एकदाचं! नऊ सेकंदांचं काम आता पापणी लवायच्या आत होतं. स्वतःची पाठ स्वतः थोपटू नये म्हणतात, पण या घरात दुसरं कोण थोपटणार? नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "छान. चहा टाकतेस का?"

इथंच लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी डोकं फोडायला नको. कानाची मशीनं वाटतात त्या केंद्रातला लॅपटॉप म्हातारा आणि माझा प्रोग्राम पाच वर्षांचा. डेटाबेस मात्र चिमुकला. सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, सगळा संसार एका फाईलमध्ये. आलेल्या प्रत्येक माणसाची एक नोंद आणि त्या नोंदीतच त्याच्या कानाच्या तपासणीच्या कागदाचा फोटो. माणूस 'थांबलेला' आहे की त्याला मशीन 'मिळालं', हा रकाना मला मागाहून सुचला, म्हणून तो गेला शेवटी, फोटोच्याही पलीकडे. म्हणजे एक शब्द वाचायला बिचाऱ्याला अख्खा फोटो ओलांडावा लागायचा, तोही हजारो नोंदींत. काउंटरवर फोन नंबरवरून कुणाची नोंद शोधायची म्हटलं की वन्सं बोटं मोडत बसायच्या.

या डेटाबेसला एक छान प्रश्न विचारता येतो. उत्तर देऊ नकोस, उत्तर कसं शोधणार तेवढं सांग. तो म्हणाला, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं चाळणार. म्हटलं, चाळतोस कशाला मेल्या, हा घे इंडेक्स. 'थांबलेला की मिळालं' आणि 'फोन नंबर' असे दोन रकाने मिळून एक इंडेक्स केला. पुस्तकाच्या मागे सूची असते तसाच. आता तो सगळं चाळत नाही, सूचीत बघून थेट त्या पानावर जातो. बाकी प्रोग्रामला बोटसुद्धा लावलं नाही.

वन्संना दाखवायला मागून दोनदा हाक मारली, तर ढिम्म. खांद्याला हात लावला तेव्हा वळल्या. थोरल्या नणंदेचा मान असतो बाई, दोन हाकांत कसं वळायचं!

जाता जाता विचारून घेतलं, बाबांच्या आधीचे थांबलेले किती? उत्तर आलं नऊ. गुरुवारी तीन-तीन मशीनं वाटतात, म्हणजे १३ फेब्रुवारीला माझ्या बाबांचा नंबर. जूनपासून थांबलेत.

२३ जानेवारी, गुरुवार

वाटपाचा दिवस. इंडेक्स कसा चालतो ते बघायला गेले होते. वन्सं इस्त्रीचे कपडे, केस चापूनचोपून, अगदी थाटात काउंटरवर. म्हटलं, "वन्सं, कुणाच्या लग्नाला?" नुसत्या हसल्या.

लोकांनी वापरून टाकलेली कानाची मशीनं केंद्रात दान येतात. डॉक्टरीणबाई ती दुरुस्त करून ज्यांना परवडत नाहीत त्यांच्या कानाला बसवतात. वन्सं फक्त 'पुढचं नाव' हे बटण दाबतात. स्क्रीनवर एकच नाव येतं, पत्ता आणि फोनसकट. मग त्या हाक मारत नाहीत. इथं हाका मारून काय उपयोग? उठतात, बाकापाशी जातात, त्या माणसाच्या अगदी समोर उभ्या राहतात आणि त्यानं वर बघितलं की हातात टोकन देतात. ही पद्धत त्यांचीच. अकरा वर्षं, एक छदाम न घेता. यजमान गेल्यानंतर त्या घरात बसून वेड्या झाल्या असत्या, असं नवरा म्हणतो.

आज बटण दाबलं आणि नाव फटकन आलं. वन्सं बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. वेग बघून थक्क झाल्या असणार! मग चष्मा पुसला आणि टोकन घेऊन उठल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वाटप उरकून वन्सं घरी आल्या असतील म्हणून चार फोन केले, उचलत नाहीत. शेवटी घरी गेले. जुन्या वसाहतीत त्यांचं घर, वळणावरच टीव्हीचा आवाज ऐकू येत होता. म्हटलं, फोन का उचलत नाही, तर म्हणाल्या, "आत होते गं."

निघताना म्हणाल्या, "तुझ्या त्या मशीनचं एकदा बघ हं. हल्ली सगळे आमच्या वसाहतीतलेच कसे येतायत?"

मी म्हटलं, "वन्सं, कॉम्प्युटरला वसाहत कळत नाही. तो चुकत नसतो. चुकतात ती माणसं."

"असं म्हणतेस? मग बरोबर असेल," म्हणाल्या, आणि माझ्या हातात डबा दिला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाबांना सकाळी दाढी करून दिली. नको नको म्हणत होते, पण आरशात तीनदा बघितलं. बाबा शिलाई मशीनचे मेकॅनिक. दुकानात शिरताच कुठल्या मशीनचं काय दुखतंय ते नुसत्या आवाजावरून सांगायचे. आता मी समोर बसून ओरडते तेव्हा माझ्याकडे बघून मान हलवतात. काय कळलं म्हणून विचारलं तर दुसरंच काहीतरी सांगतात. गेल्या महिन्यापासून तेही बंद. जेवतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात.

तीन तास बाकावर बसलो. वन्सं तीनदा उठल्या आणि तीनदा आमच्यासमोरून गेल्या. तिसरा म्हातारा तर नोव्हेंबरात नाव घातलेला! मी स्वतः त्याची नोंद केली होती. वन्संनी जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबा उभे राहू लागले, त्यांना वाटलं नंबर आला. "बसा बाबा," म्हणाल्या, "पुढच्या वेळी." अंगाचा नुसता तिळपापड झाला.

रिक्षात बाबा एवढंच म्हणाले, "विसरली असेल ती."

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज फाईल घरी आणली. बाबांच्या आधीचे थांबलेले किती?

नऊ.

चार गुरुवार झाले, बारा मशीनं गेली आणि नऊचे नऊच! एक माणूस पुढे सरकला नाही. मग विचारलं, २१ जानेवारीनंतर मशीन कुणाला मिळालं, नावपत्त्यासह दाखव. बारा जण आले. बारांत दहा जुन्या वसाहतीतले. बाराच्या बारा जणांचा घरचा जुना फोन, दोनने सुरू होणारा. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखी! उरलेले दोघे संशय येऊ नये म्हणून घातले असणार.

म्हणून "आमच्या वसाहतीतलेच कसे येतायत" हे मलाच आधी विचारून ठेवलं! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. स्क्रीनवर एक नाव येतं, आणि ह्या बाई टोकन दुसऱ्याच्या हातात देतात. बघणारं कोण आहे? मी लॅपटॉपला कुलूप घातलं नाही, कारण काउंटरवर घरचं माणूस होतं.

नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "ताई असं करणार नाही."

"डेटाबेस खोटं बोलतो का मग?"

"मला त्यातलं कळत नाही. पण ताई असं करणार नाही."

आपला तो बाब्या! उठून बाहेर गेला. परत आला तर बाबांचे पाय दाबत बसला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तीन दिवस स्वतःशी भांडते आहे. माझ्या बाळंतपणात वन्सं महिनाभर राहिल्या होत्या. आई गेली तेव्हा बाबांना भरवणाऱ्या त्याच. तिऱ्हाईतानं केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. घरच्या माणसानं केलं की ते गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही. बाबांच्या खांद्यावर हात ठेवला ना त्यांनी! त्या हाताचाच राग येतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बोलले. सगळ्यांसमोर बोलले.

आधी ठरवलं होतं की बाजूला घेऊन विचारायचं. पण गेले तेव्हा त्या बटण दाबत होत्या, आणि बाकावर वसाहतीतली दोन म्हातारी माणसं टोकन हातात घेऊन हसत बसली होती. माझं डोकं फिरलं. मागूनच म्हटलं, "वन्सं, आज कुणाला देताय?" त्या वळल्याच नाहीत. लाज असती तर वळल्या असत्या! मग काउंटरला वळसा घालून समोर गेले आणि छापलेली यादी आपटली.

"बारापैकी दहा तुमच्या वसाहतीतले. माझे बाबा जूनपासून थांबलेत. तुम्हाला काही वाटतं का?"

त्या माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. इतका निगरगट्टपणा मी कुणाचा बघितला नव्हता. मग यादी वाचली, सावकाश, एकेक नाव. म्हणाल्या, "मी स्क्रीनवर येतं त्यालाच टोकन देते. तू बटण दाबून बघ."

"माझा प्रोग्राम मला शिकवू नका. अकरा वर्षं सगळ्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला, आणि तुम्ही ओळखीपाळखीची दुकानदारी मांडलीत. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना फसवणं सोपं असतं, नाही का?"

डॉक्टरीणबाई आतून धावत आल्या. "अहो, हळू." मी म्हटलं, "हळू कशाला? इथं ऐकू कुणाला येतंय?" हे मात्र बोलायला नको होतं. बाकावरच्या निम्म्या लोकांना एक अक्षर ऐकू आलं नसेल, पण कळलं सगळ्यांना. सगळे वन्संकडे बघत होते.

वन्संनी ड्रॉवर उघडला, टोकनं मोजून ठेवली, किल्ली काउंटरवर ठेवली आणि चपला घालून गेल्या. एका शब्दानं भांडल्या नाहीत. खरी असती तर भांडली नसती का?

२२ फेब्रुवारी, शनिवार

नवरा ताईकडे जाऊन आला. "काय म्हणाल्या?" विचारलं तर म्हणतो, "काही नाही. टीव्ही बघतेय." मग दारात थांबून म्हणाला, "टीव्ही इतका मोठा का लावते गं ती?"

मला काय माहीत! कुणाचं बोलणं ऐकायला नको म्हणून लावत असतील.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दुसरं कुणी मिळेपर्यंत काउंटर तुम्ही बघा म्हणाल्या. बघते. उचलली जीभ लावली टाळ्याला असं तरी कुणी म्हणायला नको.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी बटण दाबलं.

पहिलं नाव जुन्या वसाहतीतलं. वाटलं, वन्संनी जाता जाता काहीतरी करून ठेवलंय. टोकन दिलं नाही. डॉक्टरीणबाईंना खोटंच सांगितलं की लॅपटॉप अडकलाय. तो माणूस आलाच नाही असं धरून पुढचं काय येतं ते बघितलं. परत वसाहतीतलं. मग तिसरं. ती बाई वसाहतीतली नव्हती, नदीपलीकडची होती. पण फोन घरचा.

तीन नावं, तीन फोन. दोनने सुरू होणारे. पहिला सगळ्यांत लहान, दुसरा त्याहून मोठा, तिसरा त्याहून मोठा.

वाटप पुढे ढकललं, लोकांना परत पाठवलं. काय सांगून पाठवलं ते आता आठवत नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहिते. मीच केलंय तर मीच लिहायला हवं.

आज डेटाबेसला तोच प्रश्न विचारला. उत्तर देऊ नकोस, 'पुढचं नाव' कसं शोधतोस ते सांग. तो म्हणाला, इंडेक्सवरून शोधतो. माझ्या इंडेक्सवरून! जानेवारीत मी हे फक्त फोन नंबर शोधण्यापुरतं विचारलं होतं. 'पुढचं नाव' बद्दल विचारावं हे डोक्यातच आलं नाही.

पाच वर्षांपूर्वी त्या बटणामागे मी लिहिलं होतं, जे थांबलेत त्यांतला एक दे. एवढंच. नोंदीच्या क्रमानं दे असं लिहिलंच नव्हतं. तेव्हा इंडेक्स नव्हता, म्हणून तो पहिल्या नोंदीपासून चाळायचा आणि आपोआप सगळ्यांत जुना माणूस आधी सापडायचा. न मागता मिळत होतं, म्हणून कधी मागितलं नाही. मग मी शहाणीनं इंडेक्स केला. त्यात थांबलेले लोक फोन नंबरच्या क्रमानं लागले. त्यानंही जवळचा रस्ता धरला, आणि सूचीत पहिला दिसला तो दिला. त्याचं काही चुकलं नाही. घरचे फोन दोनने सुरू होतात आणि ते उरलेत बहुतेक जुन्या वसाहतीतल्या म्हाताऱ्यांकडेच. मोबाईल सगळे सात, आठ, नऊने सुरू होणारे. बाबांचा नऊ. बाबांचा नंबर या वर्षात आला नसता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. वन्संनी सांगितलं होतं, एकदा बघ. नंतर सांगितलं होतं, बटण दाबून बघ.

त्या ओळीच्या शेवटी नोंदणीच्या क्रमानं दे असे तीन शब्द जोडले. अर्धं मिनिट लागलं. मग बाबांच्या आधीच्या त्या नऊ जणांची नावं मागवली. इतके दिवस मी नुसता आकडा मागत होते. पुढे गेले त्यांची नावं काढली, मागे राहिले त्यांची काढावी असं मला एकदाही सुचलं नाही.

पहिलं नाव वन्संचं आहे.

नोंद गेल्या एप्रिलमधली, त्यांच्याच हातची. फोन मोबाईलचा, नऊने सुरू होणारा. सोबत तपासणीच्या कागदाचा फोटो. दोन्ही कान. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर म्हणाल्या, "मला माहीत होतं. कुणाला सांगू नका म्हणाल्या होत्या. कळलं तर काउंटरवरून उठवतील अशी भीती वाटायची त्यांना. मी म्हटलं होतं, आधी घ्या. तर म्हणाल्या, रांगेतच घेणार."

२३ जानेवारीला त्यांचा नंबर होता. इस्त्रीचे कपडे घालून आल्या होत्या.

१ मार्च, शनिवार

सकाळी गेले. बेल वाजवली, तीनदा वाजवली. आता कळलं दार का उघडत नाही ते. घराला वळसा घालून मागच्या खिडकीशी गेले आणि त्या बघेपर्यंत उभी राहिले. भाजी निवडत होत्या. बऱ्याच वेळानं मान वर केली.

आत घेतलं, पाणी दिलं. मी टोकन पुढे केलं आणि रडायलाच लागले. रडत रडत बोलत होते. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"असं नाक पुसत बोललीस तर मला काही कळत नाही."

मी पिशवीतून कागद काढला, लिहून द्यावं म्हणून. त्यांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं.

"लिहू नको. त्या दिवशी बोललीस ते लिहून दिलं होतंस का? वर्षभर सगळं अर्धंमुर्धं ऐकतेय मी. त्या दिवशीचं तेवढं नेमकं पूर्ण कळलं, तू समोर उभी होतीस ना." टोकन उलटसुलट करून बघितलं. "गुरुवारी येईन. मशीन बसू दे, मग बोल. हे मला पूर्ण ऐकायचंय."

मी काउंटरच्या किल्लीचं विचारलं. "ती तुझ्याकडेच राहू दे," म्हणाल्या. भाजी परत निवडायला घेतली. आज डबा दिला नाही.

६ मार्च, गुरुवार

वन्सं वेळेवर आल्या. काउंटरकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ बाकावर जाऊन बसल्या, इतरांसारख्या. शेजारी बाबा होते. त्यांच्या नंबराला वेळ आहे, पण मी मुद्दाम नेलं होतं. दोघं एकमेकांशी खुणांनी काहीतरी बोलून हसले. काय ते मला कळलं नाही.

बटण दाबलं. त्यांचं नाव आलं. मी उठले, बाकापाशी गेले, त्यांच्या समोर उभी राहिले. वर बघायला त्यांनी वेळ घेतला.

डॉक्टरीणबाईंना त्यांनी सांगितलं, "आत नको, इथंच बसवा." तिथंच खुर्ची आणून बसवलं. डॉक्टरीणबाईंनी मशीन कानात घातलं, बारीक पेचकसानं आवाज जुळवला, विचारलं, "येतंय?" वन्संनी डोळे मिटले. वरचा पंखा कुरकुरतो, त्याकडे बघितलं. मग मान हलवली आणि माझ्याकडे वळल्या.

बाकावर बावीस जण होते. त्या दिवशीचे बरेचसे. जुन्या वसाहतीतली ती दोन म्हातारी माणसंही होती, आता मशीन लावलेली. नवरा दाराशी.

मी सांगितलं. इंडेक्स मी केला. क्रम मी मागितला नव्हता. वन्संनी दोनदा सांगितलं आणि मी बघितलं नाही. वन्संनी कुणाचा नंबर कुणाला दिला नाही, उलट त्यांचाच नंबर माझ्यामुळे गेला, आणि मी त्यांना तुम्हा सगळ्यांसमोर चोर ठरवलं. चुकले मी. आवाज फुटत होता, पण हात तोंडावर नेला नाही.

वन्सं माझ्याकडे बघत होत्या. या वेळी डोळ्यांकडे.

"परत सांग," म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. "आवाज वाढवू का? नीट आलं नाही?"

"आवाज ठीक आहे. प्रत्येक शब्द ऐकला," वन्सं म्हणाल्या. "परत सांग."

मी पहिल्यापासून सांगितलं.